किनाऱ्यावरच्या स्पोर्ट एटीव्हीचं पुढचं सस्पेन्शन आणि अलाइनमेंट: टाय रॉडला हात सगळ्यात शेवटी

हँडल सरळ धरलं तरी एटीव्ही, म्हणजे जाड मऊ टायरांची, हँडलने वळणारी चारचाकी, एका बाजूला ओढते. ओल्या वाळूवर वेग घेतला की पुढची चाकं थरथरतात. सुक्या वाळूत हँडल वळवलं तरी पुढचं टोक वळायचं नाव घेत नाही. अशी तक्रार आली की पहिला पाना टाय रॉडच्या (हँडलची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीच्या) चेकनटला, म्हणजे तिची लांबी जखडणाऱ्या नटला लागतो, आणि चूक तिथूनच सुरू होते. टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत, हे पुढच्या बाजूचं शेवटचं माप आहे. हवा, बेअरिंग, बॉल जॉइंट (चाकाला वळू आणि वर-खाली होऊ देणारा गोळ्याचा सांधा), शॉकअपची उंची, कॅम्बर (चाकाचा वरून आत किंवा बाहेर झुकाव), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) यांतलं काहीही नंतर हललं, की आधी लावलेला टो गेलाच म्हणून समजा. शिवाय नागाव-काशीदपासून तारकर्लीपर्यंत खाऱ्या वाऱ्यात आणि वाळूत चालणाऱ्या गाडीचं अलाइनमेंट बऱ्याचदा बिघडलेलंच नसतं, सांधा झिजलेला असतो. झिजलेल्या सांध्यावर लावलेला टो पहिल्या खड्ड्यापर्यंतही टिकत नाही.

इथे सांगितलेलं सगळं पुढे दुहेरी ए-आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे A आकाराचे वर-खाली दोन हात) आणि मागे चेनवर फिरणारा एकसंध ॲक्सल असलेल्या स्पोर्ट एटीव्हीला लागू आहे. लहान ११० सीसी गाड्यांना बहुधा एकच ए-आर्म असतो आणि त्यांत कॅम्बर-कॅस्टर बदलता येत नाहीत. त्यांनी तो भाग सोडावा, बाकी सगळं तसंच करावं. नट-बोल्ट किती टॉर्कने आवळायचे ते मात्र ज्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. एका गाडीचा आकडा दुसरीला चालत नाही.

जागा आणि हत्यारं

कोकणातलं खळं (अंगण) पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उताराचंच केलेलं असतं. डोळ्याला ते सपाट दिसतं, मापाला नसतं. सिमेंटचा कोबा किंवा फरशी असलेली जागा निवडा आणि चार चाकं जिथे टेकणार तिथे खडूने चार फुल्या मारा. मग गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही फुल्यांची पातळी तपासा. नळीत बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, तेव्हा आधी तो काढा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तिथे टाइलचा तुकडा किंवा प्लायवूड घालून जागा उचला. हे काम एकदाच करायचं असतं. त्या चार जागा रंगाने पक्क्या करून ठेवल्या की पुढची वर्षं तुमची आहेत.

हत्यारांत सगळ्यात महत्त्वाचा आहे ० ते १० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) कमी दाबाचा गेज. पेट्रोल पंपावरच्या गेजला ४ पीएसआय धड कळत नाही. त्याशिवाय स्टीलची मेजरिंग टेप, घेर मोजायला शिंप्याची टेप, बारीक टोकाचा ओळंबा, स्पिरिट लेव्हल, फिक्स आणि रिंग पाने, शॉकअपच्या कॉलरचा हुक पाना, टॉर्क पाना आणि नव्या स्प्लिट पिना लागतील. सरळ रेषेसाठी सुंभ किंवा सुतळी नको. मासेमारीचा तंगूस घ्या. तो बारीक असतो, ताणला की सुरेख सरळ राहतो आणि वाऱ्याने कमी हलतो.

गाडी उचलून ठेवायला पक्के जॅक स्टँड हवेत. चिऱ्यांची थप्पी लावून तिच्यावर गाडी ठेवायची पद्धत सर्रास दिसते, ती सोडा. जांभा ठिसूळ असतो. एका कोपऱ्यावर वजन आलं की तो न सांगता फुटतो, आणि त्या वेळी हात गाडीखाली असतो.

आधी हवा आणि घेर

हवा टायर थंड असताना, सावलीत भरा. यामाहाच्या रॅप्टर ७०० च्या वर्गातल्या गाड्यांना पुढे साधारण ४ पीएसआय सांगितलेलं असतं. तुमच्या गाडीचा आकडा मडगार्डवरच्या किंवा चेसिसवरच्या स्टिकरवर असतो. इतक्या कमी दाबाला अर्धा पीएसआयसुद्धा मोठा फरक असतो. पुढच्या एका चाकात ३.५ आणि दुसऱ्यात ४.५ असेल तर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढणारच. तिथे टाय रॉड कितीही फिरवला तरी उपयोग नाही.

हवा बरोबर झाली की शिंप्याची टेप टायरच्या मधोमध फिरवून चारही घेर मोजा. मागचे दोन घेर विशेष काळजीने मोजा. एकसंध ॲक्सलमुळे मागची दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात. एकाचा घेर मोठा असेल तर ते चाक प्रत्येक फेरीत जास्त अंतर कापतं आणि गाडीला लहान चाकाच्या बाजूला ढकलत राहतं. हिशोब करून बघा. घेर १६०० मिमी, दोन चाकांमधलं अंतर ९०० मिमी आणि घेरातला फरक १० मिमी धरला, तर गाडी आपोआप सुमारे १४५ मीटर त्रिज्येच्या वळणावर जायला बघते. सुक्या वाळूत चाकं घसरत असल्याने हे जाणवत नाही, ओल्या घट्ट वाळूवर आणि कातळावर लगेच जाणवतं. एक टायर नवा आणि एक जुना अशी जोडी मागे लावली की हा आजार हमखास येतो, आणि लोक तो पुढच्या बाजूला शोधत बसतात.

सांधे तपासणं: इथे घाई नको

पुढची बाजू स्टँडवर घ्या, चाकं लोंबती ठेवा. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर तो बेअरिंगचा आहे की बॉल जॉइंटचा हे ठरवायची सोपी युक्ती आहे. दुसऱ्याला पुढचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. खेळ गेला तर बेअरिंग गेलं आहे, कारण ब्रेकने डिस्क आणि नकल (चाक ज्याच्यावर बसतं तो वळणारा भाग) एकमेकांना जखडले. खेळ राहिला तर बॉल जॉइंट किंवा ए-आर्मचे बुश (आर्म ज्यांवर फिरतो त्या नळ्या). मग बॉल जॉइंटच्या फटीवर बोटाचं टोक टेकवा आणि चाक हलवायला सांगा. झिजलेल्या जॉइंटमध्ये बोटाखाली बारीक टक्-टक् लागते. डोळ्याला काहीच दिसत नसतं तेव्हाही बोटाला ती कळते.

आता चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. इथला खेळ टाय रॉडच्या चार एंडचा (टोकांच्या सांध्यांचा) किंवा स्टिअरिंग शाफ्टचा. हँडल वर-खाली ओढून बघा. शाफ्टच्या खालच्या बेअरिंगमध्ये खारं पाणी गेलेलं असेल तर तिथेही खेळ किंवा करकर लागते.

किनाऱ्यावरच्या गाडीत सांधे इतक्या लवकर का जातात हे समजून घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. बॉल जॉइंटच्या रबरी टोपीला सुईच्या टोकाएवढी चीर पडली तरी तिच्यातून बारीक वाळू आणि खारं पाणी आत जातं. वाळू आणि ग्रीस मिळून चक्क पॉलिश पेपर होतो आणि बॉलच्या भोवतीचं अस्तर घासत राहतो. मीठ ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे गाडी उभी असतानाही गंज चालूच राहतो. टोपी बोटांनी चिमटून पिळून बघा. तपकिरी पाणी किंवा कुरकुर वाळू बाहेर आली की तो जॉइंट बदलायचा. नुसती टोपी बदलून, वर ग्रीस भरून काम भागत नाही. आत गेलेली वाळू आतच राहते.

ए-आर्मच्या पिव्हटला ग्रीस निपल असतील तर चाकं लोंबती असताना ग्रीस गन लावा आणि जुनं काळं ग्रीस संपून स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. पाण्याला टिकणारं मरीन ग्रीसच घ्या. साधं ग्रीस चार खेपांत धुऊन जातं. निपल नसतील तर बोल्ट काढून, बुशची नळी बाहेर घेऊन, पुसून, ग्रीस लावून परत बसवा. बोल्ट बुशमध्ये गंजून जाम झाला असेल तर आर्म फिरताना बुशऐवजी बोल्टच फिरतो आणि चेसिसवरचं भोक मोठं होतं. ती दुरुस्ती वेल्डिंगपर्यंत जाते, तेव्हा पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर हे चारही आर्म एकदा मोकळे करणं परवडतं.

रिम वाकलेली आहे का, तेही याच वेळी बघा. शॉकअपला खडू टेकवून चाक फिरवा. खडूचं टोक रिमपासून दूर-जवळ होत असेल तर रिम वाकडी. २ मिमीपर्यंत चालवून घेता येतं, कारण पुढची मापं आपण ती चूक कटेल अशा रीतीने घेणार आहोत.

सॅग आणि शॉकअप

सस्पेन्शनची उंची बदलली की चाकांचे सगळे कोन बदलतात. म्हणून आधी उंची.

गाडी जॅकवर इतकीच उचला की पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली असतील, वजन मात्र त्यांच्यावर नसेल. पुढच्या चेसिस नळीपासून जमिनीपर्यंतचं उभं अंतर मोजा. मग गाडी खाली सोडा, पुढचं टोक दोन-तीनदा दाबून सोडा आणि गाडी २-३ मीटर पुढे ढकलून परत जागेवर आणा. हे ढकलणं टाळू नका. ए-आर्मची गाडी जॅकवरून उतरली की चाकं खालून आत ओढलेली राहतात आणि टायर जमिनीला चिकटून त्यांना बाहेर सरकू देत नाही. त्या अवस्थेतलं प्रत्येक माप खोटं. आता नेहमीचा चालक हेल्मेट-बुटांसकट बसवा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे सॅग.

चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश सॅग असावा. रॅप्टर ७०० ची पुढची हालचाल २३० मिमी आहे, म्हणजे सुमारे ६० ते ७५ मिमी. उचललेल्या अवस्थेत ३५५ आणि चालक बसल्यावर २९० आलं तर सॅग ६५, उत्तम. ९० आला तर पुढचं टोक खाली झुकतं, कॅस्टर कमी होतो आणि गाडी वेगात अस्थिर होते. ४० आला तर चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच राहत नाही. ओहोटीनंतर वाळूवर उठलेल्या बारीक वळ्यांवरून जाताना चाकं जमीन सोडतात.

साध्या शॉकअपला पाच पायऱ्यांची कॉलर असते, महागड्यांना आट्यांची. आट्यांची कॉलर फिरवण्यापूर्वी आटे ब्रशने आणि गोड्या पाण्याने धुऊन तेलाचा हात द्या. ॲल्युमिनियमच्या आट्यांत वाळूचा एक कण अडकला तरी कॉलर जाम बसते, मग ती छिन्नी-हातोडीने फिरवणाऱ्यांची गाठ पडते. आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी असेल तर एका फेरीत प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) १.५ मिमी बदलतो. पण शॉकअप आर्मच्या मधल्या भागाला लागलेला असतो, चाक त्याच्या साधारण दुप्पट हलतं. म्हणून एका फेरीत पुढची उंची सुमारे ३ मिमी बदलते, आणि १० मिमी हवं असेल तर तीन-साडेतीन फेऱ्या. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगची लांबी मोजून १ मिमीच्या आत सारखी ठेवा. फेऱ्या मोजण्यावर विसंबू नका.

प्रीलोड पुरता आवळूनही सॅग जास्तच राहत असेल तर स्प्रिंग चालकाच्या वजनाला हलकी आहे. स्प्रिंग बदलणं हाच उपाय. भाड्याच्या गाडीवर आज ५० किलोचा आणि उद्या ९५ किलोचा माणूस बसतो, तिथे जड माणसाला धरून सेटिंग करणं जास्त सुरक्षित.

शॉकअपवर क्लिकर (तो किती सावकाश दबतो-उघडतो ते ठरवणारे स्क्रू) असतील तर स्क्रू घड्याळाच्या दिशेने अलगद शेवटापर्यंत न्या, मग मॅन्युअलमधल्या क्लिकांइतका मागे आणा. शेवटाला जोर लावला की आतली सुई चेपते. सुरुवात नेहमी मॅन्युअलच्या आकड्यापासून, आणि एका वेळी एकच गोष्ट, दोन क्लिक. वळ्यांच्या वाळूवर पुढचं टोक जात जात खाली बसत चाललं असेल तर रिबाउंड (दबलेल्या शॉकअपचं परत उघडणं) फार सावकाश आहे, दोन क्लिक सोडा. खड्ड्यानंतर हँडल वर उसळत असेल तर दोन क्लिक आवळा. उडीनंतर तळाला आपटत असेल तर आधी सॅग पुन्हा मोजा, मगच कम्प्रेशनला (शॉकअप दबण्याच्या सेटिंगला) हात लावा. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर मिठाने पडलेले खळगे नखाला लागत असतील तर सील टिकणार नाही. गॅस भरलेला शॉकअप मात्र घरी उघडू नका, आत मोठा दाब असतो.

कॅम्बर आणि कॅस्टर

गाडी पातळीवर, चालक बसलेला, हँडल मधोमध. हँडल मधोमध ठेवायचं म्हणजे डोळ्याने नव्हे. हँडलच्या दोन्ही टोकांपासून मागच्या ॲक्सलच्या त्या त्या बाजूपर्यंत टेप लावा, दोन्ही अंतरं सारखी करा आणि दोन पट्ट्यांनी हँडल तिथेच बांधून टाका. इथून पुढे काम संपेपर्यंत त्या पट्ट्या सोडायच्या नाहीत.

कॅम्बरसाठी ओळंबा चाकाच्या बाहेर, टायरच्या फुगवट्याला न लागता लोंबू द्या. रिमच्या वरच्या काठापासून दोरीपर्यंत आणि खालच्या काठापासून दोरीपर्यंत अंतर घ्या. दोन बिंदूंमधलं उभं अंतर २५० मिमी असेल तर ४.४ मिमीचा फरक म्हणजे १ अंश. वरचं अंतर जास्त म्हणजे चाक वरून आत झुकलेलं, कॅम्बर उणा. गाडी ढकलून चाक अर्धी फेरी फिरवा आणि पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी घेतली की वाकड्या रिमची चूक कटते.

रेसिंगच्या गाड्यांना उणे २-३ अंश देतात, कारण वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरचं चाक पुरतं टेकतं. पुळणीवर आणि पाणंदीत चालणाऱ्या गाडीला शून्य ते उणे १ पुरे. जास्त उणा दिला तर सुक्या वाळूत टायरची आतली कड रुतत जाते आणि रुंद टायर असूनही तरंगणं हरवतं. महत्त्वाचं म्हणजे डावा-उजवा फरक अर्ध्या अंशापेक्षा जास्त नको. ज्या चाकाचा कॅम्बर जास्त धन, म्हणजे जे चाक वरून जास्त बाहेर झुकलेलं, त्या बाजूला गाडी ओढते.

कंपनीच्या मूळ आर्मवर कॅम्बर बहुधा पक्का असतो. तिथे फरक दिसला तर आर्म किंवा नकल वाकलेलं आहे, ते सरळ करत न बसता बदला. बदलता येणाऱ्या आर्ममध्ये वरच्या बॉल जॉइंटच्या दांड्याला आटे असतात. तो आत घेतला की कॅम्बर उण्याकडे जातो. पिच १.५ मिमी आणि वरच्या-खालच्या जॉइंटमधलं अंतर १८० मिमी असेल तर एक फेरी म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. M10 च्या आट्याला निदान १५ मिमी आट्यांची पकड आत राहिली पाहिजे, जाड दांड्याला त्याच प्रमाणात जास्त.

कॅस्टरसाठी वरच्या बॉल जॉइंटच्या मध्यावरून ओळंबा सोडा आणि खालच्या जॉइंटचा मध्य दोरीच्या किती पुढे आहे ते बघा. उभं अंतर १८० आणि पुढे १६ मिमी, तर कॅस्टर सुमारे ५ अंश. तो हँडलला आपोआप सरळ आणतो. कमी झाला तर गाडी वेगात भरकटते, फार झाला तर हँडल जड. ज्या आर्मच्या पिव्हटला पुढे-मागे वॉशर असतात तिथे पुढचा वॉशर वाढवून मागचा काढला की वरचा आर्म मागे सरकतो आणि कॅस्टर वाढतो. दोन्ही बाजूंना सारखेच वॉशर. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते.

आता टो

मोजायची अडचण अशी की चाकांच्या मागच्या बाजूला ॲक्सलच्या उंचीवर टेप सरळ लावता येत नाही, मध्ये चेसिस येतं. तिथे ओळंबा कामी येतो. दोन्ही पुढची चाकं स्टँडवर उचलून फिरवा, टायरच्या मधोमध खडूचा पट्टा ओढा आणि स्थिर टेकवलेल्या खिळ्याने त्या पट्ट्यावर बारीक रेघ पाडा. खिळा हातात न धरता लाकडी ठोकळ्यावर टेकवा, म्हणजे टायर डुलला तरी रेघ खरी पडते. गाडी खाली घ्या, २-३ मीटर ढकलून परत जागेवर आणा, चालक बसवा. टायरच्या सगळ्यात पुढच्या बिंदूवर, ॲक्सलच्या उंचीला, रेघेवरून ओळंबा सोडून कोब्यावर टिंब करा. तसंच सगळ्यात मागच्या बिंदूवरून. दोन्ही चाकांची मिळून चार टिंबं झाली. गाडी बाजूला काढा आणि जमिनीवर आरामात मोजा. पुढच्या टिंबांमध्ये ८०६ आणि मागच्या टिंबांमध्ये ८११ आलं, तर चाकं पुढून आत वळलेली आहेत, म्हणजे टो-इन ५ मिमी.

किती ठेवायचा? मॅन्युअलचा आकडा पहिला. तो नसेल तर चालक बसलेला असताना ३ ते ६ मिमी टो-इन धरा. चाकं वाळूतून जाताना वाळू त्यांना मागे ढकलते, सांध्यांतला बारीक खेळ भरून निघतो आणि चाकं पुढून उघडू लागतात. थोडा टो-इन आधीच दिलेला असला की चालताना ती सरळ होतात. टो-आउट (चाकं पुढून बाहेर वळलेली) झालेली गाडी ओल्या वाळूवर डावी-उजवीकडे भटकते. १० मिमीच्या वर टो-इन गेला तर हँडल जड होतं आणि जांभ्याच्या सड्यावर टायरच्या बाहेरच्या गुठळ्या झिजतात. टायरवरून हात आतून बाहेर फिरवताना कडा बोचत असतील तर टो-इन जास्त आहे.

बदल किती करायचा ते इथे नीट समजून घ्या, कारण बहुतेकजण गरजेपेक्षा चौपट फिरवतात. टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात. उलट्या आट्यांच्या चेकनटवर बहुधा खूण किंवा वेगळा रंग असतो. १.२५ मिमी पिच असेल तर एका फेरीत रॉडची लांबी २.५ मिमी बदलते. स्टिअरिंगचा हात (चाकाच्या वळण्याच्या अक्षापासून टाय रॉडच्या सांध्यापर्यंतचं अंतर) ८० मिमी आणि टायर ५३० मिमीचा धरला, तर षटकोनाची एकच बाजू, म्हणजे फेरीचा सहावा भाग, एका चाकाचा टो जवळजवळ २.८ मिमीने बदलते. दोन्ही बाजूंना एकेक फिरवली की ५.५ मिमी. पूर्ण फेरी फिरवणारा एका चाकाला १६-१७ मिमी नेऊन ठेवतो.

रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर लांब केल्यावर टो-इन वाढतो. पुढे असेल तर उलट. रॉड जिथे लागतो ती बाजू तो बाहेर ढकलतो, एवढं बघितलं की चूक होत नाही.

फिरवण्यापूर्वी दोन्ही चेकनट सोडा. खाऱ्या हवेत ते हमखास चिकटलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी रॉडच्या चपट्या भागाला एक पाना लावून धरा आणि दुसऱ्याने नट सोडा. रॉड धरला नाही तर सगळा पीळ बॉलवर जातो. आगीचा टॉर्च लावायचा मोह टाळा, टोपीचं रबर आणि आतलं अस्तर दोन्ही जळतं. नट सुटले की आटे ब्रशने घासून ॲन्टी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावा.

दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाही हे तंगूस सांगतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना ॲक्सलच्या उंचीवर दोन तंगूस ताणा. मागच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपासून ते सारख्या अंतरावर, आणि दोघांमधलं अंतर पुढे-मागे तंतोतंत एक. मग प्रत्येक पुढच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठापासून तंगूसपर्यंत मोजा. डाव्या-उजव्या चाकाचा फरक सारखा यायला हवा. रिमवर फरक टायरवरच्या फरकाच्या निम्म्याच्या आसपास दिसतो, म्हणून १ मिमीची चूकही मोजायची. एका बाजूचाच रॉड फिरवून एकूण टो बरोबर केला, तर गाडी सरळ जाते पण हँडल वाकडं राहतं. हँडल वाकडं राहणं आणि गाडी ओढणं हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला टाय रॉडचा. दुसरा हवा, घेर, कॅम्बर किंवा कॅस्टरचा.

चेकनट आवळताना एक बारकावा बहुतेकांकडून सुटतो. रॉडच्या दोन्ही टोकांचे बॉल एकाच तलात असले पाहिजेत. नट आवळल्यावर रॉड मुठीत धरून त्याच्या लांबीभोवती फिरवून बघा. पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखाच डुलायला हवा. एकीकडे लगेच अडत असेल तर एक बॉल शेवटाला टेकलेला आहे. पूर्ण वळणावर, सस्पेन्शन दबलेलं असताना, तोच एंड तुटतो. नट सोडा, मध्यावर आणा, पुन्हा आवळा, आणि टो पुन्हा मोजा. नट आवळताना माप १-२ मिमी हलतंच. काढलेली प्रत्येक स्प्लिट पिन टाकून द्या, नवी घाला.

चालवून बघणं

आधी उभ्या गाडीवर हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. ब्रेकची नळी कुठे ताणत नाही, टायर आर्मला घासत नाही. चाकाचे नट टॉर्क पान्याने, आडवे-तिरपे क्रम घेऊन आवळा.

एटीव्ही रस्त्याची गाडी नाही, म्हणून चाचणी परवानगी असलेल्या पुळणीवर किंवा स्वतःच्या मोकळ्या जागेत. वेळास, आंजर्लेसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे गाडी मुळीच नेऊ नका. इतर किनाऱ्यांवरही भरतीच्या रेषेच्या वरची मऊ वाळू सोडा, घरटी तिथेच असतात. ओहोटीची ओली, घट्ट पट्टी चाचणीला सगळ्यात चांगली, कारण तिच्यावर चाकांचे माग स्वच्छ उमटतात. शंभर मीटर सरळ जा, उतरा आणि माग बघा. पुढच्या चाकाच्या मागाच्या कडा सुरेख कातल्यासारख्या असतील तर चाक सरळ फिरतंय. एका बाजूला वाळू लोटल्यासारखी वळी उठली असेल तर ते चाक तिरकं घासत चाललं आहे. पुढचे आणि मागचे माग दोन्ही बाजूंना सारख्याच अंतराने सरकलेले दिसले पाहिजेत. तसं नसेल तर मागचा ॲक्सल तिरका बसला आहे आणि आधी चेनची आणि ॲक्सलची बाजू बघावी लागेल.

घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या साध्या धारेने आर्म, एंड आणि शॉकअपचे दांडे धुवा. प्रेशर वॉशरची धार बेअरिंगच्या सीलवर आणि रबरी टोप्यांवर मारू नका, ती वाळूला आत घालते. गंज टाळायला इंजिनाचं जळकं तेल फासायची सवयही सोडा. ते रबर फुगवतं आणि ब्रेक डिस्कपर्यंत पोहोचतं. नव्या सेटिंगवर दोन-तीन तास गाडी चालली की चेकनट, बॉल जॉइंटचे नट आणि चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा, आणि ओळंब्याची चार टिंबं परत घ्या. टो २ मिमीपेक्षा जास्त सरकला असेल तर टाय रॉडकडे न जाता चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. कुठला तरी एंड पहिल्या तपासणीत सुटलेला आहे.